झडप गळते म्हणून थांबलेलं ऑपरेशन

मावशींच्या उशाशी एक कापडी पिशवी होती. तिच्यात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला टू-डी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट होता, चार महिन्यांपूर्वीचा. मी काही विचारायच्या आधीच मुलानं तो पुढं केला. "मॅडम, आईच्या हृदयाची झडप गळतीय. म्हणून तवा ऑपरेशन केलं न्हाई."

मी भूलतज्ज्ञ आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाच-सहा रुग्णालयांत भूल द्यायला जाते. मावशींच्या त्या पाच दिवसांत आमच्या कामातली एक जुनी सवय अगदी उघडी पडली, म्हणून ते सविस्तर मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ६६, वजन ५४ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन. रक्तदाबाला अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी. पित्ताशयात बारीक बारीक खडे. चार महिन्यांपूर्वी पोटात कळा आल्या तेव्हा दुसऱ्या एका रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं होतं. वयामुळे 'फिटनेस'साठी एको सांगितला गेला. रिपोर्टात हृदयाची पंपिंगची ताकद ६० टक्के, म्हणजे उत्तम. खाली मात्र आणखी दोन ओळी होत्या: 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन' आणि 'ट्रिव्हियल मायट्रल रिगर्जिटेशन'. पहिलीचा अर्थ, हृदयाचा स्नायू सैल पडायला थोडा जास्त वेळ घेतो. साठीनंतर हे इतक्या जणांत दिसतं की त्याला आजार म्हणणंच अवघड. दुसरीचा अर्थ, झडपेतून नावापुरतं रक्त मागं येतं. ते तर धडधाकट माणसांतही दिसतं. घरच्यांच्या कानावर गेलं ते एवढंच, की झडप गळते आणि भूल दिली तर धोका आहे. पुढं सीटी अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढायचा, सल्ला मिळाला. त्यांनी पैशांचा हिशेब केला आणि मावशींना घरी नेलं.

चार महिने त्यांनी तेलकट खाल्लं नाही, डोक्यावर पाण्याचा हंडा घेतला नाही. सुनेनं जिना चढू दिला नाही. आणि मग एका गुरुवारी रात्री पोटातून पाठीत जाणारी कळ आणि उलट्या घेऊन त्या आमच्याकडे दाखल झाल्या. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य, कितीतरी पट वाढलेलं. पित्ताशयातला खडा घसरून स्वादुपिंडाला सूज आली होती. सुदैवानं सौम्य होती. रविवारपर्यंत दुखणं थांबलं, भूक लागली, त्या वरण-भात खाऊ लागल्या.

सर्जन म्हणाले, आता सोडायचं नाही, मंगळवारच्या लिस्टला घेऊ. फिजिशियननी केसपेपरवर लिहिलं, 'रिपीट टू-डी एको, कार्डिओलॉजी फिटनेस.' आमच्या गावात हृदयरोगतज्ज्ञ सोलापूरहून येतात, दर गुरुवारी. त्या गुरुवारी ते संध्याकाळी परत गेले होते आणि मावशी रात्री दाखल झाल्या. एकोचं यंत्र ते नसताना बंदच असतं. सोनोग्राफी यंत्राप्रमाणे त्याचीही गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी असते, ते मनात येईल तिथं उचलून नेता येत नाही. म्हणजे एको पुढच्या गुरुवारी आणि शस्त्रक्रिया त्यापुढच्या मंगळवारी. मधले दिवस मावशी घरी.

त्या मधल्या दिवसांबद्दल आपण फार कमी बोलतो. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आली असेल तर त्याच भरतीत पित्ताशय काढावं की महिन्याभरानं, याची नेदरलँड्समध्ये पद्धतशीर चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. महिनाभर थांबलेल्यांपैकी १७ टक्के जणांना खड्यांच्या त्रासानं पुन्हा भरती व्हावं लागलं किंवा मृत्यू आला. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के. 'थांबून बघू' हा आपल्याला सुरक्षित मार्ग वाटतो, पण त्याचीही किंमत असते. ती फिटनेसच्या कागदावर कुठं दिसत नाही इतकंच.

इथं मला माझ्याबद्दल सांगायला हवं. पहिली बारा वर्षं मी स्वतः साठीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येकाला एको लिहीत असे. कारण भीती. टेबलावर काही झालं तर फाइलमध्ये कागद असावा. आमच्या गावात नातेवाईक डॉक्टरला रस्त्यात अडवून जाब विचारतात, आणि ही भीती कुणाला खोटी वाटू नये. पण त्या कागदानं मी भूल देण्याची पद्धत बदलली असं क्वचितच झालं. पंपिंग साठ टक्के आलं तरी मी तीच औषधं तशीच जपून देत होते, पंचावन्न आलं तरी तीच. एकोला मी विचारत होते, 'या माणसाला शस्त्रक्रिया झेपेल का?' एको उत्तर देत होता, 'झडपा अशा दिसतात, स्नायू असा हलतो.' प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९९९ ते २००८ या काळात मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या २,६४,८२३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातल्या ४०,०८४ जणांचा आधी एको झाला होता. सारख्या प्रकृतीच्या रुग्णांची जोडी लावून पाहिलं तर एको झालेल्यांचे मृत्यू कमी नव्हतेच, उलट किंचित जास्त होते, आणि त्यांचा रुग्णालयातला मुक्कामही लांबला होता. एकोनं कुणाला इजा केली असं यातून सिद्ध होत नाही. पण ज्या फायद्याच्या भरवशावर आपण तो सांगतो, तो फायदा काही दिसला नाही.

रविवारी दुपारी मी मावशींजवळ बसले. स्टेथोस्कोप छातीवर सगळीकडे फिरवला, मानेपर्यंत नेला. कुठंही मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, नाही. गळ्याच्या शिरा फुगलेल्या नाहीत. फुप्फुसं साफ. घोट्यांवर थोडी सूज होती, बोट दाबलं की हलका खड्डा पडत होता. "ही कधीपासून?" तर म्हणाल्या, "ती बीपीची गोळी लागल्यापासून. संध्याकाळी चढती, सकाळी उतरती." अॅम्लोडिपिनची सूज अशीच असते. तिचा हृदयाशी संबंध नसतो. ईसीजीत ठोके नियमित.

मग मी त्यांना रोजच्या कामांचे बारा प्रश्न विचारले. ड्यूक अॅक्टिव्हिटी स्टेटस इंडेक्स नावाची ही प्रश्नावली आहे. प्रत्येक कामाला ठरावीक गुण. मूळ प्रश्न गोल्फ, टेनिस, पोहण्याबद्दलही विचारतात, ते आमच्याकडे उपयोगाचे नाहीत. त्यामुळे मी तोच प्रश्न गावच्या कामावर आणून विचारते. माळवदावर चढता का? (मुलगा म्हणाला, चार महिन्यांपासून आम्ही चढू देत नाही. मावशी म्हणाल्या, "हे शेतावर गेले की मी चढते. कुरडया कोण वाळत घालणार?") अंगण झाडता? लाकडाची मोळी उचलता? आणि पळता का, थोडं अंतर?

"मी कशाला पळू, बाई?"

"शेळी सुटली तर कोण धरतं?"

"मीच की!" आणि पहिल्यांदाच हसल्या. "गेल्या आठवड्यात पार ओढ्यापर्यंत पळाली."

धाप लागली का? लागली, पण शेळी धरली आणि चालत घरी आणली. रात्री दोन उशा लागतात का? नाही. गुण झाले ३९.४५. ३४ च्या वर असेल तर शस्त्रक्रियेनंतर हृदयाचा त्रास व्हायची शक्यता कमी मानतात. हे नुसतं अंदाजानं ठरवू नये, याचं कारणही आहे. २०१८ मध्ये चार देशांतल्या १,४०१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी रुग्णाकडे बघून 'याची ताकद कमी आहे' असं ठरवलं, तेव्हा खरोखर कमी ताकद असलेल्यांपैकी जेमतेम १९ टक्केच त्यांच्या नजरेला सापडले. ही प्रश्नावली आणि एक रक्ततपासणी मात्र त्या अभ्यासात उपयोगी ठरल्या.

ती रक्ततपासणी म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या स्नायूवर ताण आला, तो ताणला गेला, की त्यातून एक संप्रेरक रक्तात सुटतं. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते आधी डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात 'ब्रेन' राहिलं. खरा उगम हृदयाच्या खालच्या कप्प्यांत आहे. मूळ रेणू तुटताना दोन तुकडे होतात, बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी. आमच्यासारख्या गावांना दुसरा तुकडा सोयीचा, कारण काढलेल्या रक्तात बीएनपी काही तासांत विरत जातं आणि एनटी-प्रोबीएनपी दोन-तीन दिवस टिकून राहतं. संध्याकाळी सहाला लॅबचा मुलगा दुचाकीवर बर्फाचा डबा घेऊन येतो, नळ्या सोलापूरला जातात, सकाळी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो. प्रवास रक्त करतं, रुग्ण खाटेवरच राहतो.

कॅनडाच्या हृदयरोग संघटनेनं २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं, की हृदयाव्यतिरिक्त मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या पासष्टीच्या पुढच्या रुग्णांत धोक्याचा अंदाज घ्यायला ही रक्ततपासणी करावी, आणि त्याच कामासाठी एको करू नये. मर्यादा ठरवली ३००. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट एको नको असंच म्हटलं आहे.

काटेकोरपणे पाहिलं तर मावशींची शस्त्रक्रिया तातडीकडे झुकणारी होती. शेळीमागं ओढ्यापर्यंत पळणाऱ्या बाईला मी या तपासणीशिवायही घेतलं असतं. पण माझी एकटीची खात्री पुरेशी नव्हती. सर्जन, फिजिशियन आणि मुलगा, तिघांच्या मनात झडप बसली होती. आणि पैशांची बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमध्ये ही तपासणी स्वस्त आणि एकोला रांग, म्हणून तिथलं गणित सरळ बसतं. आपल्याकडे खासगी लॅबमध्ये ती बहुतेक वेळा एकोच्याच आसपास पडते. 'एकोपेक्षा स्वस्त' म्हणून ती करा असं मी कुणाला सांगणार नाही. मावशींच्या बाबतीत वाचणार होता तो एक आठवडा, आणि एकोनंतर पुन्हा मागं लागणारी सीटी अँजिओग्राफी. मी मुलाला हे सगळं असंच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "मॅडम, यात वाईट आलं तर पुन्हा एको का?" मी म्हणाले, तीनशेच्या वर आलं तरी मंगळवारीच करू, पण नंतर तीन दिवस रोज ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) बघू आणि आईला जास्त जपू. आकडा यायच्या आधी हे ठरवून केसपेपरवर लिहून ठेवलं. पुढं ते कामाला आलं.

सोमवारी सकाळी अकराला सर्जनचा फोन. "मॅडम, हाय आलंय. एको करूनच घेऊ."

रिपोर्टावर आकडा होता १४२. शेजारी ठळक अक्षरात 'हाय', आणि पुढं छापलेली मर्यादा, १२५ पर्यंत. मुलाच्या फोनवरही तोच रिपोर्ट गेला होता. तो वॉर्डाच्या दारातच उभा होता, चेहरा उतरलेला.

लॅबनं छापलेली १२५ ची मर्यादा खोटी नाही. पण ती वेगळ्या प्रश्नासाठी आहे. धाप लागणारा, पाय सुजणारा माणूस बाह्यरुग्ण विभागात आला आणि त्याला हृदयाची दुर्बलता नाही असं म्हणायचं असेल, तर १२५ च्या आत आकडा असला की जवळजवळ निश्चिंत व्हावं, यासाठी ती इतकी खाली ठेवली आहे. तीच तक्रार घेऊन कुणी तातडीच्या विभागात आला तर मर्यादा ३०० होते. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांना हीच रेघ ४०० वर आखून दिली आहे. शस्त्रक्रियेआधी धोका मोजायचा तर ३००. आकडा तोच, प्रश्न बदलला की रेघ बदलते. लॅबच्या संगणकाला मावशींना काय विचारलं होतं ते माहीत नसतं. तो एकच रेघ छापतो. ही तपासणी वाढली आणि सगळे त्या छापील ठळक शब्दावर चालू लागले, तर एको कमी होणं दूरच, जे सांगितले जात नव्हते तेही सांगितले जातील. मला याची खरोखर काळजी वाटते.

मी रुग्णालयात गेले. आकडा फुगवणाऱ्या गोष्टी तपासल्या. मूत्रपिंडं बिघडली तर तो वाढतो. मावशींचं क्रिएटिनिन ०.९, म्हणजे मूत्रपिंडं ठीक. ठोके अनियमित असतील तर वाढतो, त्यांचे नियमित. वयानं वाढतो आणि बायकांत थोडा जास्तच असतो. शिवाय दोन दिवस सलाईन चढलं होतं. उलट्या बाजूनं, लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो. ५४ किलोच्या मावशींना तोही प्रश्न नव्हता.

सगळं शून्य आहे असं मात्र मी सर्जनना सांगितलं नाही. २०२० मध्ये नऊ देशांतल्या १०,४०२ रुग्णांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत हृदयाच्या स्नायूला इजा किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं मृत्यू याचं प्रमाण आकडा १०० च्या आत असलेल्यांत ५.२ टक्के होतं, १०० ते २०० मध्ये १२.३, २०० ते १५०० मध्ये २०.८ आणि त्यावर ३७.५ टक्के. म्हणजे मावशी सगळ्यात खालच्या पायरीवर नव्हत्या. दुसऱ्या पायरीवर होत्या. या इजा बहुतेक वेळा छातीत न दुखता होतात, फक्त ट्रोपोनिनमध्ये दिसतात. म्हणून मी लॅबला फोन करून त्याच नळीतल्या रक्तावर आधीचं ट्रोपोनिन करायला सांगितलं आणि शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांनी पुन्हा करायचं ठरवलं. ३०० च्या आत असल्यानं कॅनडाच्या सूचनांप्रमाणे त्याची सक्ती नव्हती. युरोपच्या सूचना मात्र पासष्टीच्या पुढं ते करायला सांगतात, आणि मला त्या दिवशी ते पटलं.

फिजिशियन माझ्यापेक्षा वयानं मोठे, अनुभवी. त्यांना मी केसपेपरवरची आदल्या दिवशीची ओळ दाखवली, '३०० च्या वर आल्यास असं, आत आल्यास तसं.' त्यांनी मावशींची छाती पुन्हा स्वतः ऐकली, घोटे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि 'रिपीट एको' या शब्दांवर रेघ मारून खाली सही केली. सर्जन म्हणाले, "ठीक आहे मॅडम, उद्या पहिली केस."

कुणाला असं वाटू नये की मी एकोच्या विरोधात आहे. त्याच आठवड्यात हर्नियाचा एक ७२ वर्षांचा रुग्ण आला. चढावर चालताना डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि छातीवरचा खरखरीत मर्मर मानेत जात होता. त्यांचं रक्त मी काढायला सांगितलं नाही. सरळ सोलापूरला एकोला पाठवलं. महारोहिणीची झडप अतिशय अरुंद निघाली. त्यांच्या भुलेचा सगळा बेत त्या एकोनं बदलला. कानाला मर्मर लागला, माणूस सपाट झोपू शकत नाही, धाप नवीन आहे, तर रक्ताचा आकडा कितीही गोड येवो, चित्र बघावंच लागतं.

मंगळवारी साडेनऊला मावशींना टेबलावर घेतलं. भूल देताना रक्तदाब थोडा उतरला, तो अपेक्षित होता, सावरला. पोटात वायू भरताना मी दाब बारावर ठेवायला सांगितला, सर्जननी ठेवला. पित्ताशय जुन्या सुजेनं चिकटलं होतं, पंचावन्न मिनिटं लागली. संध्याकाळी मावशी उशीला टेकून बसल्या होत्या आणि चहा मागत होत्या. बुधवारचं ट्रोपोनिन आधीच्या इतकंच, मर्यादेच्या बरंच खाली.

गुरुवारी सकाळी त्यांना सोडलं. त्याच दिवशी दुपारी हृदयरोगतज्ज्ञ यायचे होते. मुलानं बिल भरलं, औषधं घेतली आणि ती कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आला. फोल्डर बाहेर काढून विचारलं, "मॅडम, हा रिपोर्ट आता टाकून देऊ का?"

टाकू नको, म्हणाले. मी तो हातात घेतला. कोपऱ्यात मोकळी जागा होती. तिथं तारीख घातली आणि मराठीत लिहिलं, म्हणजे पुढच्या वेळी सुनेलाही वाचता येईल: 'पंपिंग उत्तम. झडप नीट आहे, गळती नावापुरती. यामुळे काम बंद करायची गरज नाही. भूल दिली, शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली.' खाली सही केली आणि एनटी-प्रोबीएनपीचा रिपोर्ट त्यालाच स्टेपल केला. छापलेल्या 'हाय'च्या शेजारी पेनानं लिहिलं, 'शस्त्रक्रियेसाठी मर्यादा ३००.'

मावशी खुर्चीवरून उठत होत्या. "मग माळवदावर चढू का?" त्यांनी मुलाकडे न बघता मला विचारलं.

"टाके निघाले की चढा."

मुलगा काही बोलला नाही. त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि आईचा हात धरायला पुढं झाला. मावशींनी तो धरू दिला नाही.